बाराव्या खांबाची दोरी

झेंड्याला उलटी बाजू नसते. लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हातात सुई देण्यापूर्वी हे वाक्य दिले होते. सदऱ्याला आतली बाजू असते, पडद्याला भिंतीकडची असते, माणसाला तर असतेच असते. झेंडा मात्र लोक दोन्हीकडून पाहतात, म्हणून त्याची शिवण दोन्हीकडून सारखीच दिसली पाहिजे. दोन रंगांच्या कडा एकमेकींत दुमडून, कच्चा धागा कुठेही बाहेर न राहू देता घातलेली ती शिवण जिला साधत नाही, तिला आमच्याकडे फार तर धागे तोडायला बसवतात.

आमचा कारखाना म्हणजे राहत्या घराचा तळमजला. ओळीने मांडलेली यंत्रे, खिडकीखाली कापणीचे लांबलचक टेबल आणि भिंतीला लागून एक लोखंडी ट्रंक. देश आमचा लहान. पण खंडाच्या क्रीडास्पर्धांना संघ निघाला, की त्याच्या सामानात आम्ही शिवलेले तीन झेंडे जातात. एकाच खेळात तिन्ही पदके एकाच देशाने मिळवली, तर तिन्ही खांबांवर चढवायला झेंडे हवेत, असा नियम आहे. आमचे एक जुने कारागीर म्हणत, "आशेला कापड जास्त लागतं." बहुतेक वेळा ते तिन्ही झेंडे घडी न मोडता परत येत. इस्त्रीच्या रेघासुद्धा हललेल्या नसत.

क्वचित एखादा घडी मोडून यायचा. तशा झेंड्याविषयी आमच्या घरची रीत पक्की आहे. तो पुन्हा कुठे चढवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही आणि त्याला कात्री लावायची नाही. तो ट्रंकेत जातो. देशाच्या पदकांचा इतिहास ज्यांना पुस्तकातून वाचायचा आहे, त्यांनी तसा वाचावा. मी तो वाचते ट्रंक उघडून. कुस्तीतल्या कांस्यपदकाचा झेंडा आहे. तो पैलवान घरी येऊन त्या झेंड्यापुढे वाकला आणि उठताना ज्या खुर्चीचा आधार घेतला, ती खुर्ची आम्हाला फेकून द्यावी लागली. नेमबाजीतली दोन रौप्यपदके आहेत, एकाच बाईची. पहिल्या वेळी ती हसत आली, दुसऱ्या वेळी रडत, आणि दोन्ही वेळा कारण विचारण्याचा मूर्खपणा मी केला नाही. मुष्टियुद्धातल्या झेंड्याच्या कोपऱ्यावर रक्ताचा एक थेंब आहे. तो मी धुऊ दिलेला नाही.

असे अकरा झेंडे निळे-पांढरे आहेत. बारावा, खरे तर पहिलाच, तसा नाही. त्यात वर निळा, मध्ये पांढरा आणि खाली पिवळा आहे.

तेव्हा देश एक होता. पुढे वाटणी झाली. ती का झाली, हे सांगण्याची ही जागा नव्हे, आणि सांगणाऱ्यांची वाणही नाही. आम्ही निळा घेतला, पलीकडच्यांनी पिवळा; पांढरा दोघांनीही घेतला. जुने झेंडे उसवून कापड वापरावे असा हुकूम निघाला, आणि तो अख्खा उन्हाळा आमच्या घरात शिवण्याचा नव्हे, उसवण्याचा आवाज होता. ट्रंकेतल्या त्या एका झेंड्याला मात्र कुणी हात लावला नाही.

तो चढला होता चौघींच्या रिले शर्यतीसाठी. देशाचे खंडातले पहिले पदक, आणि तेही सोन्याचे. दुसरे सोने अजून यायचे आहे. त्या चौघींपैकी शेवटचा टप्पा धावली ती माझी धाकटी जाऊ. तेव्हा ती जाऊ नव्हती. माझा दीर संघाबरोबर झेंडे घेऊन गेला आणि तिकडून लग्न ठरवूनच आला. सासूबाई म्हणाल्या, "तीन नेलेस आणि चार आणलेस!" शर्यतीत शेवटी धावणारी म्हणून बाकीच्या तिघी तिला 'शेपूट' म्हणत. तिला बॅटन देणारी होती तिच्यापेक्षा वीतभर उंच. तिचे नाव 'लांबी'. लांबीचे गाव वाटणीत पलीकडे गेले. पहिल्या दोन टप्प्यांच्या मुलींपैकी एक आमच्या बाजूला राहिली, एक तिकडे गेली; त्या दोघीही आता हयात नाहीत. उरल्या लांबी आणि आमची धाकटी.

धाकटीने या घरात आल्यापासून माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. दोघींचेही नवरे गेले, मुले मोठी झाली, कारखाना माझ्या मुलाच्या हाती गेला, तरी यंत्रावर कुणी बसायचे आणि ट्रंकेची किल्ली कुठे राहायची हे मीच ठरवते. तिचे पदक तिच्या यंत्राच्या खणात, सुयांच्या डबीशेजारी असे. ते ती दाखवत नसे, लपवतही नसे. सुई घ्यायला खण उघडला की दिसायचे.

यंदा क्रीडा समितीने नवे क्रीडाभवन बांधले. आत पदकांचे दालन, बाहेर मोकळ्या आवारात एका रांगेत बारा उंच खांब. एका पदकाला एक झेंडा. काम अर्थातच आमच्याकडे आले. ते घेऊन समितीचे सचिव स्वतः आले. हे गृहस्थ तरुणपणी लांब उडी मारत. स्पर्धेहून परतले तेव्हा तिन्ही झेंडे घडीसकट परत द्यायला हेच आले होते, आणि मान वर करत नव्हते.

"बाई, बारा झेंडे हवेत. सगळे आत्ताचे," ते म्हणाले. "आणि दोन गोष्टी मागायला आलोय. धाकट्या काकूंचं पदक, आणि ट्रंकेतला तो पहिला झेंडा."

"जुना झेंडा लावायला मनाई आहे ना?"

"अख्खा लावायला आहे." ते थोडे घुटमळले. "त्यातला आपला भाग तेवढा हवा. निळा-पांढरा. काचेच्या कपाटात ठेवू. पिवळा उसवून घ्या."

"आणि पदक?"

"पदक अख्खंच ठेवू, पण मोजताना अर्धं धरलंय. चौघींपैकी दोघी आपल्या. चारात दोन म्हणजे अर्धं. देशाची एकूण पदकं साडेअकरा."

माझा मुलगा हसू दाबायला टेबलाखाली पडलेली टाचणी शोधू लागला.

"साडेअकरा," मी म्हणाले. "सचिवसाहेब, हे पदकांचं चाललंय की शाळेच्या घंटेचं?"

"हसा तुम्ही. समितीत ते शून्य धरणार होते, बाई. म्हणे, वाटणीआधीचं आपलं नाहीच. मी भांडून अर्धं मिळवलंय. भिंतीवर काकूंचं नाव सोन्याच्या अक्षरांत येईल. नाहीतर तेही नाही."

माणूस खोटे बोलत नव्हता. आणि ते नाव भिंतीवर यावे, असे मला वाटत होते. या घराने देशाचे झेंडे शिवले, पण आमचे नाव कुठल्याही भिंतीवर नाही. शिवणीवर कोण सही करतो? मी हो म्हणाले. धाकटीला विचारले नाही. या घरात कोणती वस्तू कुठे राहील हे मी ठरवते, आणि पदक ही वस्तूच आहे.

"पण आई, त्या झेंड्याला आपण हात लावत नाही ना?" मुलाने विचारले.

"कात्री लावत नाही. उसवायला मनाई कुठे आहे?"

"तू वकील व्हायला हवी होतीस."

"झाले असते, तर तुझ्या आजीच्या हाताखाली शिकले असते का?"

सचिव गेल्यावर मी धाकटीच्या यंत्रापाशी गेले आणि ठरलेले सांगितले. ती नव्या झेंड्याला दोरीची जाड पट्टी लावत होती. पाय थांबला. चाक आपोआप दोन-तीन फेरे फिरून थांबले. मग म्हणाली, "नाही."

मला वाटले, ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलते आहे.

"काय नाही?"

"पदक देणार नाही, जाऊबाई. अर्ध्यात नाही."

"अगं, अर्धं म्हणजे काही कमीपणा नाही. साडेतीन शहाण्यांची गोष्ट निघाली, की लोक त्या अर्ध्याचंच नाव आधी घेतात."

"तो अर्धा एकटाच होता. मला अर्धं करायला दोघींना कापून टाकावं लागतंय." तिचा आवाज चढला नव्हता; तिचा कधी चढतच नाही. "दोन नावं लिहिणार आहेत ना? मग दोघींनी चौघींची शर्यत धावली असं लिहा म्हणावं. पहिलीने दिलेलं बॅटन मधल्या दोन टप्प्यांत काय वाऱ्यावर उडत माझ्याकडे आलं? लांबीने घेतलं तेव्हा आपण चौथ्या होतो. माझ्या हातात दिलं तेव्हा दुसऱ्या. तिने ते ओढून आणलं नसतं, तर मी चौथी आले असते आणि तुमच्या दिराने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं."

"ती लांबी तिकडे एकटीच मिरवते आहे ना? पेपरात तिचं चित्र आलं होतं, ते तूच मला दाखवलंस. 'आमचं पहिलं सोनं' म्हणून. तुझं नाव होतं त्यात?"

तिने खण ढकलून बंद केला.

"ते तिचं ती जाणे," ती म्हणाली. "माझं मी सांगितलं. चौघी, नाहीतर कुणीच नाही."

इतक्या वर्षांत पहिला नकार आणि तोही सगळ्या कारागिरांसमोर. मी तिथून निघून आले. घरात अबोला सुरू झाला. माझा चहा वेळेवर टेबलावर येई, साखर नेमकी असे, पण आणणारी थांबत नसे. मुलाने दोन्ही बाजूंचे निरोप नेण्याचा प्रयत्न केला. मी त्याला सांगितले, की तू कारखान्याचा मालक आहेस, टपाल खात्याचा नाहीस. बारा झेंडे मात्र शिवून होत आले. अबोल्यात काम चांगले होते, हे मी पूर्वीही पाहिले आहे.

उद्घाटन जवळ आले तेव्हा दोऱ्या आणि कप्प्या तपासायला मी मुलाला घेऊन क्रीडाभवनात गेले. खांब उत्तम होते. दोऱ्या जरा जास्त कडक होत्या. तपासून झाल्यावर मुलगा म्हणाला, "आलोच आहोत तर दालन बघून जाऊ."

दालनात ओल्या रंगाचा वास होता. एका भिंतीवर एकाखाली एक अशी सोनेरी अक्षरांतली पदके, शेवटी मोठ्या आकड्यांत 'एकूण ११½'. समोरच्या भिंतीवर छायाचित्रे. पैलवान, नेमबाज बाई, मुष्टियोद्धा. पहिल्या जागी आमची धाकटी, माणसापेक्षा मोठी. गळ्यात पदक, तोंड अर्धवट उघडे, विशीतली. तिच्या उजवीकडे आमच्या बाजूची ती दुसरी मुलगी. डावीकडे चित्र संपत होते.

आणि धाकटीच्या डाव्या खांद्यावर एक हात होता.

फक्त हात. मनगटापर्यंत. मनगटाच्या पलीकडे भिंत होती. बोटे लांब होती आणि ती नुसती ठेवलेली नव्हती, खांद्यात रुतलेली होती. मला धाकटीने लग्नानंतर सांगितलेले आठवले. पदक घ्यायला उभ्या राहिल्या तेव्हा तिच्या पायांतले बळ गेले होते, झेंडा वर चढत असताना ती कोसळलीच असती, पण लांबीने एका हाताने तिला धरून ठेवले आणि कुणाला कळू दिले नाही. चित्रात ते अगदी स्पष्ट होते. धाकटी डावीकडे कलली होती, सगळा भार त्या हातावर टाकून. आणि हात कुणाचाच नव्हता.

तिवईवर बसलेला एक रंगारी बारीक कुंचला घेऊन कडा सारख्या करत होता.

"तेवढा हात राहिलाय, बाई," तो म्हणाला. "उद्या घालवतो. सदऱ्याचा रंग वर ओढला की कळणारसुद्धा नाही."

"आणि ही मुलगी मग कुणावर रेलली आहे?"

त्याने मागे सरून चित्राकडे पाहिले. "खरंय," तो म्हणाला. "पडल्यासारखी दिसेल. पण मला सांगितलंय तेवढंच मी करतो."

मी आयुष्यभर कापड कापले आहे. जोडलेले वेगळे करायचे असेल तर शिवणीवर करावे. उसवलेले पुन्हा जोडता येते. हे शिवणीवर नव्हते. हे अंगावर कापले होते.

परत येताना मुलगा गाडीत दोऱ्यांविषयी काहीतरी विचारत होता. घरी आल्यावर मी कमरेची किल्ली काढली, ट्रंक उघडली आणि पहिला झेंडा कापणीच्या टेबलावर अख्खा पसरला. यंत्रे एकेक करून थांबली. आमच्या कितीतरी कारागिरांनी त्या तीन रंगांना एकत्र कधी पाहिलेच नव्हते. धाकटी आपल्या जागेवरून उठली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. माझ्या हातात उसवणीची सुरी आहे का, हे ती पाहत होती.

"शिवण बघ," मी म्हणाले. "सासूबाईंच्या हातची आहे. पांढऱ्यात पिवळा कुठे जातो आणि पिवळ्यात पांढरा कुठे येतो, सांग बरं."

तिने नुसते त्या शिवणीवरून बोट फिरवले.

"लांबीचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"कुठे लिहून ठेवलायस?"

"पाठ आहे," ती म्हणाली. "लावला कधी नाही. ते चित्र पाहिलं तेव्हा वाटलं, तिनेच आम्हाला गाळलं."

"लाव."

माझ्या मुलाने आपला फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एक जाड, त्रासलेला आवाज आला. "कोण?"

मी धाकटीला कोपराने ढोसले.

"शेपूट," ती म्हणाली.

फोन तुटला असे वाटून मुलगा पुढे वाकला.

"शेपटे? मेली नाहीस अजून?"

"तुझ्या आधी कशी मरेन? शेवटी तर मी धावते."

दोघी हसल्या, आणि त्या हसण्यातच काहीतरी बिघडले. मी कारागिरांना यंत्रांकडे बोट दाखवले. ते यंत्रांवर बसले, पण एकानेही चाक फिरवले नाही.

"इकडे मला अर्धं धरलंय," शेवटी धाकटी म्हणाली.

"म्हणजे?"

"दोघी इकडच्या, म्हणून अर्धं पदक."

"अगं बाई! आमच्याकडे अख्खं धरलंय आणि तुम्हा दोघींना वगळलंय. पेपरवाल्यांना मी चार नावं सांगितली होती. छापून आलं तर मी एकटी, ठोंब्यासारखी! दुसऱ्या दिवशी जाऊन पदक परत मागितलं. म्हणाले, ते आता देशाचं आहे. मी म्हटलं, देशाच्या पायात गोळे आले होते का? घेऊनच आले. आता त्यांच्या कपाटात नुसती पाटी आहे." ती दम घ्यायला थांबली. "मी तुला फोन करणार होते. पण वाटलं, तू चित्र पाहिलं असशील, रागावली असशील."

"रागावले होते."

"मग बरोबर. शिव्या दे चार."

"तुला कशाला? आमच्या सचिवासाठी ठेवल्यात."

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी सचिव पदक घ्यायला आले. मी त्यांना बसायला सांगितले. टेबलावर अकरा झेंडे घडी घालून ठेवले होते. त्यांनी ते नजरेनेच मोजले.

"बारावा?"

"बारावा नाही. पदक नाही. ट्रंकेतला झेंडाही नाही. चार नावं लिहा आणि ते चित्र जसं होतं तसं लावा, या क्षणी तिन्ही गोष्टी घेऊन जा."

"बाई, ते माझ्या हातात नाही. परदेशी नाव राष्ट्रीय भिंतीवर येत नाही. नियम आहे."

"मग आमचंही नको."

"मग अर्धंही जाईल! देशाचं एकमेव सोनं आहे ते. अकरात एकही सोनं नाही." त्यांनी धाकटीकडे पाहिले. "काकू, तुम्ही तरी सांगा. लोक विसरतील तुम्हाला. मी यासाठी भांडलोय."

"ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. "भांडलात ते मनापासून भांडलात. पण माझ्या खांद्यावरचा हात पुसायचा म्हणता. मी पडेन ना हो."

सचिव मग माझ्या मुलाकडे वळून, कोरड्या आवाजात म्हणाले, "पुढच्या स्पर्धांचं काम कुणाला द्यायचं, हे आता समिती ठरवेल. ते माझ्या एकट्यावर नाही."

मुलाचा चेहरा उतरला. पन्नास माणसांचा नसला तरी हा कारखाना बऱ्याच घरांचा आधार आहे, आणि ते तो माझ्याहून जास्त जाणतो. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्यापूर्वी तोच म्हणाला, "ठरवू दे." आवाज कापत होता, पण वाक्य सरळ होते. त्या दिवसापासून मी त्याला टाचण्या शोधताना पाहिले तरी काही बोलत नाही.

"ऐक," मी सचिवांना म्हणाले. इतकी वर्षे मी त्यांना अहो-जाहो करत होते; ते त्या क्षणी गळून पडले. "तू उडी मारून परत आलास, तेव्हा तिन्ही झेंडे घडी न मोडता आणले होतेस. मी तुला काही म्हटलं?"

"नाही," तो म्हणाला. "चहा दिलात."

"कारण घडी न मोडलेला झेंडासुद्धा अख्खाच असतो. तुझ्यात त्या दिवशी काही कमी नव्हतं. अर्धा झेंडा मी आजवर शिवलेला नाही, आणि आता या वयात शिकणार नाही. आकडा अकरा लिही. अख्खा अकरा."

तो अकरा झेंडे हातांवर घेऊन उठला. दारात थांबून म्हणाला, "बारावा खांब उपटायला आता वेळ नाही, बाई."

"राहू दे. खांबाने काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि वारा भरपूर होता. झेंडे शिवणाऱ्याला याहून चांगला दिवस मागता येत नाही. आम्हाला निमंत्रण होते, आणि ते कुणी परत मागितले नव्हते, म्हणून आम्ही गेलो. धाकटीने अंगाभोवती शाल घट्ट लपेटली होती. शालीखाली गळ्यात काय आहे, ते मला माहीत होते. तिच्या हातात माझ्या मुलाचा फोन होता. लांबीने सकाळीच बजावले होते, की मलाही ऐकायचे आहे.

वाद्ये वाजली आणि एकेक झेंडा वर गेला. माणसे टाळ्या वाजवत होती. पैलवान आता काठी टेकत चालतो. त्याचा झेंडा चढताना त्याने काठी सोडून दिली. अकरावा वर पोचला. बाराव्या खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिले, कारण दोऱ्या तपासल्यापासून त्यांचे काय करायचे ते मीच सांगत होते. मी नको अशी मान हलवली. तो दोरी खुंटीला बांधून बाजूला झाला.

भाषणे सुरू झाली. सचिव बोलायला उभा राहिला. खंडाच्या स्पर्धांमधला देशाचा इतिहास, जिद्द, अकरा पदके. तो 'अकरा' म्हणाला, आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला.

झेंडे शिवणाऱ्यांना आणि जहाजावरच्या लोकांना एक गोष्ट माहीत असते, जी इतरांना माहीत असण्याचे कारण नाही. झेंडा बांधलेली दोरी गप्प असते, कारण कापड तिला ओढून धरते. रिकामी दोरी मात्र वाऱ्याबरोबर खांबावर आपटते. टक. टक. टक. अकरा खांब मुके होते. बारावा बोलत होता.

सचिव पुढचे वाक्य म्हणाला. दोरी वाजली. त्याने कागद बदलला. दोरी वाजली. मागच्या रांगांतली माणसे माना वर करून पाहू लागली, मग पुढच्या रांगांतली. कुणीतरी शेजारच्याला विचारले, की तो खांब कुणाचा? शेजारच्याला ठाऊक नव्हते. त्याने पुढच्याला विचारले. प्रश्न रांगांमधून सरकत गेला, आणि एका टोकाला पैलवानापाशी पोचला. पैलवान उठून उभा राहिला, आमच्या रांगेकडे वळला आणि धाकटीकडे पाहत काठीवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा राहिला. नेमबाज बाई उठली. सचिव वाचायचा थांबला. त्याने वर, त्या खांबाकडे पाहिले, आणि कागद हळूच मिटला.

दोरी तेवढी वाजत होती.

धाकटीने फोन छातीशी धरला होता. आता तिने तो वर उचलला, जमेल तितका उंच, खांबाच्या दिशेने. मी तिच्या कोपराखाली माझा हात दिला.

फोनमधून लांबीचा जाड आवाज आला. "शेपटे, भाषण बंद का झालं? आणि हे टकटक काय वाजतंय?"

"आपण," धाकटी म्हणाली. "चौघी."